आत्याच्या बाजूचं दार

नवीन पनवेल,
दिवाळीच्या आधीचा रविवार

प्रिय बाबा,

तुमचं फाटक कायमचं बंद झालं. पनवेल आणि आपट्याच्या मधलं, आत्याच्या घराला खेटून असलेलं. वरून पूल झाला, गाड्या-रिक्षा पुलावरून जायला लागल्या आणि खाली रस्ता जिथे रुळांना भिडायचा तिथे दोन्हीकडून भिंत उभी राहिली. गेटमनची खोलीसुद्धा पाडली. हे तुम्हाला कळवावं म्हणून पत्र लिहितेय, असं म्हणणार होते. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी तुमच्यावर चिडले आहे, बाबा. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी या गोष्टीवरून चिडायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सापडत नाही.

आधी जरा बरं बोलते.

रुळांना लागून असलेलं आपलं क्वार्टर आठवतं? आई तुमचे गार्डाचे झेंडे धुवायची. हिरवा झेंडा बाहेर दोरीवर वाळायचा आणि लाल मात्र स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या वर. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लाल फडका बगून गाडी थांबली, तर सगल्या गाडीला जेवाया मी घालू?" माझा लाल फ्रॉकही तिने कधी अंगणात वाळत घातला नाही. शाळेत मैत्रिणींना हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. गार्डाच्या घरात नियम भिंतींनाही पाठ असतात, हे त्यांना कुठून कळणार!

आणि पनवेल स्टेशन तेव्हा केवढंसं होतं! दिवा जंक्शनहून पॅसेंजर यायची, जरा टेकायची आणि आपट्याकडे निघायची. सकाळी भाजीच्या टोपल्या, दुपारी सुक्या मासळीचा वास, संध्याकाळी कारखान्यातून परतणारी माणसं. इथून एक दिवस कोकणात गाड्या जातील असं कुणी म्हटलं की चहावाला हसायचा. आता त्याच स्टेशनात माझा रस्ता चुकतो. इतके जिने, इतके फलाट, आणि अजून बांधकाम चालूच आहे. तुमच्या पदाचं नावसुद्धा बदललं, बाबा. गार्ड म्हणायचं नाही आता, ट्रेन मॅनेजर म्हणायचं. तुम्ही असतात तर मिशीतल्या मिशीत हसला असतात.

तुमचा पांढरा गणवेश, गळ्यातली शिट्टी आणि ती जड लोखंडी पेटी. गाडी सुटताना तुम्ही शेवटच्या डब्याच्या दारात उभे राहून हिरवा झेंडा हलवायचात आणि एवढी मोठी गाडी तुमचं ऐकायची. घरी मात्र मीसुद्धा ऐकायचे नाही, ते वेगळं.

पण त्या सगळ्या प्रवासात माझी आवडती जागा एकच होती. फाटक.

तुमची थोरली बहीण फाटकाजवळच्या गावात दिलेली. तुम्ही तिला 'बाय' म्हणायचात. तुमची आई लवकर गेली आणि बायने तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलं, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की मला ते मी पाहिल्यासारखं वाटतं. गेटमनची खोली तिच्या अंगणाच्या बाजूला होती. फाटकावरून गाडी जाताना गार्डाने त्या बाजूच्या दारात यायचं आणि गेटमनला हिरवा झेंडा दाखवायचा, गाडी ठीक आहे म्हणून. हा रेल्वेचा नियम. गेटमनच्या मागे अंगणात आत्या उभी असायची आणि झेंड्याला पदर हलवून उत्तर द्यायची. हा तिचा नियम.

गेटमन तिची थट्टा करायचा, "बाय, झेंडा मला दाखवतात, तुमाला नाय!"

"तुला दाखवतो नोकरी म्हनून," आत्या म्हणायची. "मला दाखवतो भाव म्हनून."

आईबरोबर आपट्याला जाताना मी खिडकीत नाक दाबून बसायचे ते तिचा पदर बघायला. किती हसायची ती तेव्हा!

मग जमिनीचं आलं. गावोगाव जमिनी सरकारकडे जात होत्या, कागद होत होते, आणि बहिणींच्या सह्या लागत होत्या. तुम्ही बायकडे गेलात आणि तिच्या वाट्यावरचा हक्क सोडल्याची सही घेऊन आलात. आपल्या भागात तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं, त्याबद्दल मी आज वाद घालत नाही. नंतर तुम्ही एवढंच म्हणालात, "बाय रागावलीय." बस्स. त्या वर्षी भाऊबीजेला तुम्ही तिच्याकडे गेला नाहीत. पुढच्या वर्षीही नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलात की "बरी हायस?" "बरी हाय." यापुढे संभाषण नाही. मी मोठी होत गेले आणि इतर घरांसारखं आपल्याही घरात जमिनीने भाऊबहीण तोडले, असं मीही धरून चालले.

तुम्ही गेलात त्या दिवशी आत्या आली होती. दारापाशी उभी राहिली, तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि पाणीही न घेता निघून गेली. मला तेव्हा तिचा फार राग आला होता. इतकं काय ते!

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले, बाबा. फाटक बंद झाल्याचं कळलं होतं, जागा एकदा बघून यावी म्हणून. आत्या पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसली होती. खूप वाळलीय. मी समोर बसून वाल सोलायला घेतले आणि म्हटलं, "आत्या, फाटक गेलं गं शेवटी."

"गेलं तर गेलं," ती म्हणाली. "माजं कवाच गेलं."

मी पुढचा वाल सोलायला घेतला. तीच पुढे बोलली.

"तुज्या बापानं मला पाठ दाखवली, सुलू. तो म्हनाला सही कर, मी केली. एका शब्दानं विचारलं नाय. शाई सुकली नाय तं गाडीतनं पाठ! मी रोज हितं अंगनात उभी, आन् हा पलीकडच्या दारात, तिकडं तोंड करून झेंडा हलवतो. म्हटलं, झालं. काम झालं, आता भयनीचं तोंड कशाला बगायचं."

"कधीपासून गं हे?"

"तवाच. रस्ता रुंद केला, फाटकाची खोली पाडून पलीकडं बांधली ना? तवापासून."

बाबा, माझ्या हातातले वाल खाली सांडले.

मी गार्डाची मुलगी. मला दुसरं काही कळो न कळो, एवढं कळतं. खोली पलीकडे गेली म्हणजे गेटमन पलीकडे गेला. गेटमन गेला म्हणजे तुमचा झेंडा पलीकडच्या दारात गेला. तुम्ही बायला पाठ दाखवली नव्हती, तुम्ही नोकरी करत होता! आणि हे तिला सांगावं असं तुमच्या मनातही आलं नाही. स्वतःची पाठ कुणाला दिसते? तुमच्या लेखी फक्त नियमाची बाजू बदलली होती.

आत्या पुढे बोलतच होती. "त्या दिवालीला पाट मांडला, ताट केलं. सांज झाली तरी तुजा बाप नाय. मग ताट घेऊन अंगनात गेले न् चंद्राला ओवाळलं. तवापासून चंद्रच भाव माजा."

भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, बाबा. तुम्ही तिच्यापासून एका स्टेशनाच्या अंतरावर जिवंत होता!

 मी चहा घेतला आणि घरी आले. आई वाती वळत बसली होती. तिला म्हटलं, "आई, आत्याचं आणि बाबांचं नक्की काय झालं होतं?"

"काय व्हायचंय," आई म्हणाली. "तिनं दार लावून घेतलं. घरी आले की टोपी काढायच्या आदी तुजे बाबा एकच बोलायचे. बायचं दार आज पन बंद. रोज."

"पण बाबा तर पलीकडच्या दारात उभे असायचे ना?"

"झेंडा दाखवून झाला की लगेच तिच्या बाजूच्या दारात यायचे. वाकून मागं बगायचे. तिचं दार बंद."

म्हणजे असं. शेवटचा डबा समोर आला की आत्याला तुमची पाठ दिसायची. ती तशीच वळायची, आत जायची आणि दार ओढून घ्यायची. तेवढ्यात तुम्ही झेंडा गुंडाळून धावत तिच्या बाजूच्या दारात यायचात, आणि तुम्हाला बंद दार दिसायचं. जाताना तसंच, येतानाही तसंच. ती थोडी थांबली असती तर? तुम्ही थोडे आधी आला असतात तर? मी त्या रात्री जेवले नाही. कुणासाठी रडावं तेच कळेना.

आणि म्हणून चिडले आहे मी! तुम्ही उतरून का गेला नाहीत? सुट्टीच्या दिवशी, सणाच्या दिवशी, एकदा तरी? दार बंद होतं तर वाजवायचं होतं. कडी काय रेल्वेच्या परवानगीने वाजते? सगळ्या गाडीला 'चल' म्हणणारा माणूस, स्वतःच्या बहिणीच्या उंबऱ्यापाशी सिग्नल मिळायची वाट बघत बसला! निवृत्त झाल्यावरसुद्धा संध्याकाळी स्टेशनवर जाऊन पॅसेंजर सुटेपर्यंत उभे राहायचात. आई कुरकुरायची, "पेन्शन मिलते तरी ड्युटी सुटत नाय." मलाही वाटायचं, सवय आहे. आता वाटतं, तुमचा जीव त्या गाडीबरोबर फाटकापर्यंत जात असेल. मग एकदा तिकीट काढून बसायचं होतं ना, बाबा!

रागावून झालं. आता खरं ते विचारते. हे मी आत्याला सांगू की नको?

आई म्हणते नको. "म्हातारीला राग तरी हाय धरायला. तो काढून घेतलास तर तिच्याकडं काय उरंल?" आई काही चुकीचं बोलत नाही. एवढी वर्षं आत्या भावाने वापरून टाकलं असं धरून जगली. तिला आता कसं सांगायचं, की तसं काहीच नव्हतं, ती खोली या बाजूची त्या बाजूला गेली एवढंच होतं? आणि ज्याला हाक मारायची तो माणूस आता नाही? हे ऐकून तिला काही झालं तर?

चार दिवस मी याच विचारात आहे. शाळेत वर्गावर उभी राहते आणि काय शिकवतेय तेच विसरते. फराळाचं करायला घेतलं आणि शंकरपाळे करपवले.

पण बाबा, भाऊबीज जवळ आली आहे. आत्या परत ताट घेऊन अंगणात जाईल. या वेळी तिला कुणी विचारलं तर खरंच भाऊ नाही म्हणेल. आणि तरीही मनात म्हणेल, तो होता तेव्हाही नव्हताच. ते मला सहन होत नाही. राग तिला एवढी वर्षं पुरला असेल, पण त्या रागाने तिला एकदाही हसवलं नाही. दुःखच करायचं तर तिने तुमच्यासाठी करू दे. बहीण करते तसं, मोठ्याने. त्या दिवशी आपल्या दारातून ती न रडता गेली, ते रडणं तिचं बाकी आहे.

म्हणून मी भाऊबीजेला जाणार. आईलाही घेऊन जाणार, ती नाही नाही म्हणत तयार होईल. मी आत्याच्या समोर बसेन आणि खोलीचं, झेंड्याचं, सगळं सांगेन. ती मला शिव्या देईल, तुम्हाला देईल. देऊ दे. तिचा हात धरून बसेन. तिने ओवाळायला ताट केलंच, तर तुमचा फोटो मी पिशवीतून नेणार आहे.

आणि संध्याकाळी परतताना आपट्याहून, आता पॅसेंजरच्या जागी धावते त्या मेमूच्या शेवटच्या डब्यात चढेन. दांडा घट्ट धरून तिच्या बाजूच्या दारात उभी राहीन. झेंडा हलवायचा अधिकार माझा नाही, पण पदर हलवायला कुणाची परवानगी लागत नाही. निघताना तिला एवढंच सांगून येईन, की आत्या, आज लगेच आत जाऊ नकोस, शेवटचा डबा जाईपर्यंत थांब.

तुमची,
सुलू