पोट कुठे गेलं

मंगळवार, ४

गेलं! पोट गेलं! नळी घालून चरबी ओढून काढली. दोन्ही बाजूंना एकेक टाका — फिनिशिंग अगदी कच्चं. माझ्या दुकानात कुणी असं शिवलं असतं तर दुपारीच हाकलला असता. घरी सांगितलंय, कापड खरेदीला बाहेरगावी आलोय.

शनिवार, ८

घरी आलो. बायको — "अगंबाई, पोट कुठे गेलं?" म्हटलं, चालून! दोन महिने रोज सकाळी चालायला जातोय ना. (बाकावर बसून पेपर वाचतो.) शर्टाखाली घट्ट पट्टा. शिंक आली की ब्रह्मांड आठवतं.

मंगळवार, ११

मेहुणाही चालायला लागला — माझा आदर्श ठेवून! गिऱ्हाइकांची मापं घेता घेता मी निर्धारावर भाषणं ठोकतो. माझ्या जिभेला हाड नाही. स्वतःची पँट चार इंच आत घेतली. डावी पोटरी सुजलीय. मेहुण्याला सांगितलं, अति चालल्यामुळे.

गुरुवार, १३

जिना चढताना धाप. वय झालं, दुसरं काय!

शनिवार, १५

हॉस्पिटल. काल दुकानातच छातीत कळ आली, श्वास पुरेना. पायातली गुठळी फुप्फुसात गेली म्हणे. शर्ट उघडला तर पट्टा! म्हटलं, कंबरदुखीचा.

डॉक्टरीणबाई घाईत. "गुठळी विरघळवणारं औषध देतेय. महिन्याभरात काही ऑपरेशन? असेल तर आत्ताच सांगा. भरत आलेल्या जखमेतूनही रक्त सुटतं, आतल्या आत. मग थांबवणं कठीण."

बायको — "छे हो! साधी दाढसुद्धा काढली नाही यांनी. चालून पोट उतरवलं!" मेहुणा मान डोलावतोय. नर्स इंजेक्शन भरतेय. मी छताकडे बघतोय. इकडे आड, तिकडे विहीर — बोललो तर अब्रू जाते, नाही बोललो तर मीच जातो! फार घाबरलो.

शेवटी ओरडलोच — "चरबी काढलीय! दहा दिवस झाले!"

पट्टा सोडला. पोट निळंजांभळं. बाईंनी नर्सचा हात धरला. आता नुसतं रक्त पातळ करणारं, सावकाशीचं औषध चालू आहे. तासातासाला पोट तपासतात. मेहुणा फुगून बसलाय — "माझ्या टाचा गेल्या ना चालून!"

रविवार, १६

श्वास बरा. बायको सफरचंद कापता कापता म्हणाली, "तुम्ही परत आलात त्याच दिवशी मी टाके बघितले. घोरत होतात."

मी गार! मग डॉक्टरांना 'छे' का म्हणालीस?

"मनात दहा आकडे मोजत होते. दहाला मीच सांगणार होते." फोड हातात दिली. "नऊ झाले होते."