पडद्यामागची खुर्ची

४ मार्च
कारखान्याने हात वर केले! बँडच्या स्पर्धेला यंदापासून पाठबळ नाही. पत्र मीच टाइप केलं, आणि स्पर्धेची चिटणीसही मीच, म्हणजे मलाच पाठवलं. साहेब म्हणाले, "पितळेचे नळ विकायचे की पितळ फुंकणारे पोसायचे?" स्वतःच हसले. मीही हसले, नोकरी आहे.

लाज वाटते, पण लिहिते — बरं वाटलं. डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात बजावलंय, "वडिलांचं फुंकणं बंद. हृदयाला झेपणार नाही." बाबा कुणाचं ऐकतात! आता स्पर्धाच नाही म्हटल्यावर त्यांचं कॉर्नेट, ती छोटी पितळी तुतारी, आपोआप पेटीत जाईल.

९ मार्च
गेलं पेटीत.

२१ मार्च
बाबा बोलत नाहीत. चहा तसाच गार होतो. दुपारी पाहिलं, खिडकीत बसून, कॉर्नेटच्या कळा दाबाव्यात तशी मांडीवर तीन बोटं दाबत होते. दर स्पर्धेत एकट्याने वाजवतात तोच तुकडा! मधे बोटं थांबली — तो मोठा विराम. स्वतः खूण करेपर्यंत पूर्ण बँड गप्प ठेवून बाबा धरतात तो. मग पुन्हा बोटं हलली.

ढोल्या येऊन गेला. बाबांच्या बँडात मोठा ढोल वाजवतो, अंगानेही तसाच. दारात चपला घालताना म्हणाला, "ताई, काका असेच सुकून जातील हो."

२८ मार्च
ठरलं! कारखान्याशिवाय स्पर्धा. दरवर्षीच्या अकरातले तीन बँड येतील. शाळेचा हॉल मिळाला.

बाबांचा पहिला प्रश्न — "परीक्षक कोण? नाहीतर नुसती वाजवावाजवी."

आमच्या स्पर्धेत परीक्षक पडद्याआड बसतो. सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांनंतर जातो. कोण वाजवतंय ते त्याला कळायचं नाही, म्हणून काहीही झालं तरी त्याने डोकावायचं नाही. दरवर्षी बाहेरगावचा माणूस कारखानाच पाठवायचा. आता कुठून आणू?

मी म्हणाले, "मिळालाय, बाबा. फार कडक आहे."

मीच बसणार! जन्मभर हेच ऐकत आलेय, कान काही वाईट नाहीत.

२ एप्रिल
समोरून डॉक्टर येत होते. मी रस्ता ओलांडला.

६ एप्रिल
बाबा दिवसभर कॉर्नेट घासताहेत. ओठ निळसर दिसले. विचारलं तर म्हणे, "पॉलिश लागलं असेल." दोनदा वाढून घेतलं, ढोल्याची नक्कल केली. किती दिवसांनी हसले!

मला भीती वाटते. सांगून टाकावं का, परीक्षक बिरीक्षक कुणी नाही म्हणून? जीभ रेटत नाही.

११ एप्रिल
उद्या. बाबांनी विचारलं, "चिटणीसबाई, तू कुठे असशील?"

"दारावर. गर्दी आवरायला."

"पण ऐकशील ना?"

"सूर न् सूर, बाबा."

१५ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, बाबा बसल्या बसल्याच गेले, त्या विरामात. वाजवणारे त्यांच्या खुणेची वाट बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, धरलाय.

ढोल्याने "काका!" अशी हाक मारली तेव्हा मी पडद्याआड लिहीत होते. डोकावले नव्हते. तो कागद आज पर्समध्ये सापडला. माझंच अक्षर — "कॉर्नेट. विराम इतका लांब धरायला छाती लागते. दहापैकी दहा."