लाडवांच्या डब्यातलं पोलकं

आत्याबाई, पाया पडते.

मानवतच्या यष्टीच्या कंडक्टरजवळ दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा मिळाला. हे पत्र मात्र मी टाकणार न्हाई. तुमाला वाचता येत न्हाई, आन् जाऊबाईंनी ते मोठ्यानं वाचलेलं मला नको हाय.

ऑपरेशन गाठीचं हाय असं मी तुमाला सांगितलं. गाठ न्हवतीच. दोन लेकरं पाजून छाती पार उतरली होती, ती सारखी करून घेतली. ह्यांना ठाऊक हाय. तुमाला सांगायची लाज वाटली. तुमी चार लेकरं पाजली आन् कधी तक्रार केली न्हाई.

डॉक्टरीण म्हणते, जखम भरायला डाळी, अंडी खा, हात वर करू नका. अंडी खायलेय, पण जीव तुमच्या लाडवातच हाय. दोन्ही बाळंतपणात त्यात अळीव असायचे, दूध यावं म्हणून. ह्या वेळी न्हाईत. मला वाटलं, विसरलात.

मग डब्याच्या तळाशी माझं लग्नातलं पोलकं सापडलं. छाती उतरल्यावर अंगावर नीट बसेना म्हणून मीच ते तुमाला गोधडीसाठी दिलं होतं. तुमी ते फाडलंच न्हाई. उलट पाठीवरचे हुक काढून पुढं लावलेत, मला हात मागं न्यावा लागू नये म्हणून.

आत्याबाई, गाठ काढलेल्या सुनेला कुणी लग्नातलं पोलकं धाडत न्हाई.

सूज उतरली की तेच घालून गावाकडं येते.

तुमची,
राजेश्री