रिकामे तास

हिंगोली, १२ मार्च २०२५

चि. प्रेमदास यास कौशल्याताईचा आशीर्वाद व प्रभूत सलाम.

छातीत कळ आली म्हणून डॉक्टरांनी तुला पंधरा दिवस विश्रांती सांगून आज नववा दिवस. इथं माझ्याकडे तुझ्यासाठी अंथरलेल्या खाटेवर मांजर व्याली. तुझी बायको अंजली फोनवर म्हणाली, चर्चात ईस्टरआधीच्या उपासकाळाची प्रार्थना-साखळी धरलीय. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, तासाला एक माणूस, आणि ज्या तासाला कोणी नाही तिथं तू, पाळकसाहेब! अरे, वादळात प्रभू होडीत उशी घेऊन झोपला. तू त्याच्याहून कामाचा का?

लोभ आहे, पण रागही आहे.
ताई

कुरुंदा, १९ मार्च

ती. ताईस प्रेमदासचा सादर सलाम. मांजरीला मुबारक.

हळद काढणी चालू, माणसं कुठली? बारातले सात तास माझेच. साखळी तुटली तर म्हणतील, पाळकानंच तोडली. त्यात काल दुपारी दोनला गुडघ्यावरून आडवा झालो, तो पाचला जाग आली. भोवती वीस माणसं, बाया रडून राहिल्या. मंडळीचे पंच उत्तमराव म्हणाले, पाळकांवर पवित्र आत्मा उतरला, ते आत्म्यात पडले. मी गप्प बसलो. आता शेजारच्या शिरड शहापूरवाल्यांनाही प्रार्थनेला मीच पाहिजे. येणं जमत नाही.

प्रेम ठेव.
प्रेमदास

हिंगोली, २१ मार्च

चि. प्रेमदास, आशीर्वाद.

अंजली सांगते, तुझं घोरणंसुद्धा लोकांनी पवित्र आत्म्याची भाषा ठरवलं. गाढवा, रविवारी उपासनेत उभा राहा आणि सांग, झोप लागली होती, अंगात त्राण नाही. सोमवारी जीप पाठवते. यावेळी छातीतली कळ सांगून येणार नाही.

ताई

कुरुंदा, २४ मार्च

ती. ताईस सलाम.

सांगितलं, शब्दाला शब्द. उत्तमरावांचे डोळे भरले. एवढा नम्र पाळक जिल्ह्यात न्हाई, म्हणाले. टाळ्या पडल्या. उपासनेनंतर बाराचा तास म्हाताऱ्या भिकाबाईचा होता. हळदीनं हात पिवळे, डोळे मिटत होते तिचे. मला म्हणाली, काहून मनाला लावून घेता? तुमी तीन तास झोपले, तरी सूर्य बराबर मावळला की. आता मीबी झोपते. आणि खरंच घरी गेली.

ताई, मला तिच्यामागून निघायचं होतं. दारापर्यंत गेलोही. पण बाराचे टोले पडले, आत कोणी नव्हतं. मी परत फिरून चटईवर बसलो. आज जीपवाल्यालाही चहा पाजून रिकामाच पाठवला.

तुझा लोभ असावा. त्यासाठी तरी मला काही करावं लागत नाही.

प्रेमदास