आबांना चूक कोण सांगणार?

१५ जानेवारी, गुरुवार

पह्यले उतरली ती अपर्णा! आमची सुकन्या जीपमधी मागं, बॅगांच्या खाली. शेजारची नानीबाई दारातच उभी. तिनं अपर्णालाच मिठी मारली, "सुकन्ये, किती वाळली गं लेकरा!" तेवढ्यात खरी सुकन्या खाली उतरली. नानीबाई म्हणली, माझी शेळी सुटली, आन् पळाली. शेळी तर तिच्या दारात बांधलेलीच! हसून हसून पोट दुखलं माझं.

अपर्णा माझ्या नातीची मैतरीण. दोघी एकाच जागी शिकून राहिल्या — विमानाला वाट सांगायची नोकरी. उडवायचं न्हाई. खाली बसून उडवणाराला सांगायचं, इतक्या उंचीवर राहा, हिकडं वळा. आमच्या खानदानात मेंढरं हाकली, विमानं पह्यल्यांदाच!

तिळाचे लाडू दिले. अपर्णा खाऊन मोकळी. सुकन्यानं आपला लाडू नुसता हातात धरून ठेवला. काहीतरी हाय.

१६ जानेवारी, शुक्रवार

निघालं बोलणं. पोरगी परीक्षेत नापास झाली. महिन्याच्या आखरीला परत एकदाच बसू देणार. त्यात गेली तर घरी!

झालं असं — परीक्षेतले विमानं खरे नसतात, पडद्यावर असतात. हिनं सांगितलं, सहा हजार फुटावर राहा. उडवणारानं ते परत म्हणून दाखवायचं असतंय, आन् बराबर म्हणला का ते हिनं ऐकायचं. उडवणारा झालेला एक रिटायर साहेब. जाड आवाज. मुद्दाम म्हणला, सात हजार. हिला साफ ऐकू आलं. तरी म्हणली, ठीक हाय. सातवर दुसरं विमान व्हतं!

"काहून न्हाई बोलली गं?"

"आजी, एवढा मोठा माणूस. आवाज बराबर आबासारखा. तोंडातून 'चूक' निघतच न्हाई."

आबा म्हंजे आमचे मालक. त्यांला ह्या घरात कोणी चूक म्हणत न्हाई. मागच्या उन्हाळ्यात भाच्याचं लगन वसमतला. हे जीपवाल्याला म्हणले, नरसीला घे. अख्खी जीप भरलेली, समद्यांला ठाऊक वसमत. कोणी हूं का चूं केलं न्हाई! नरसीला उतरलो, नामदेव महाराजाचं दर्शन घेतलं, भजे खाल्ले, घरी आलो. लगन तिकडं लागून गेलं. हे म्हणले, "दर्शन झक्कास झालं." समदे म्हणले, व्हय.

अपर्णा हसता हसता बाजेवरून पडायची राहिली. मंग एकदम उठून बसली. "आजी, आबांनाच विमान करू!"

१७ जानेवारी, शनिवार

हे तयार होईनात. "म्या काहून परत म्हणू? बहिरा हाय का म्या?" अपर्णा म्हणली, "आबा, मोठमोठ्या साहेबांनाही म्हणावं लागतं." मंग काय, पटका बांधला! बाजेवर बसून तोंडानं घर्रर्र सुरू. कोंबड्या पळाल्या. सुकन्याला पाठमोरी उभी केली — नुसता आवाज ऐकायचा.

"डावीकडं वळा, सहा हजारावर राहा."

"उजवीकडं वळून राहिलो, सात हजार!" हे असे ठणकावून म्हणले की मलाच खरं वाटलं.

सुकन्या म्हणली, "व्हय, आबा."

अपर्णानं कपाळ बडवलं. "गेलं विमान! सगळे गेले!"

परत सुरू. "आबा, तुमचं बराबरच हाय, पण जरासं..."

"तुझं जरासं होईपर्यंत दोन्ही धडकली!" अपर्णा वरडली.

दुपारपर्यंत किती विमानं पाडली देवाला ठाऊक. ह्यांला तर मजा येऊन राहिली. नानीबाई कुडावरून ह्यांच्याकडं पाहून म्हणली, "नामाजीभाऊला काय झालं वो? भगत बोलवू का?"

मेंढरं आत घेतल्यावर परत एक डाव. सुकन्यानं माझा पदर मुठीत धरला. हे म्हणले, "सात हजार!"

"न्हाई आबा. चूक. सहा हजार. परत सांगा."

घर्रर्र बंद. म्या खाली पाहून राहिले. ह्यांनी पटका सोडला, मांडीवर ठेवला.

"सहा हजार," म्हणले. आन् चहा मागितला.

१८ जानेवारी, रविवार

पोरी गेल्या. घर खायाला उठलं. जेवताना हे म्हणले, "त्या दिशी जीपमधी तुला ठाऊक व्हतं? वसमत?"

"व्हय."

"मंग काहून न्हाई बोलली?"

म्या अजून एक भाकर वाढली.

२८ जानेवारी, बुधवार

आज परीक्षा. भाजीत दोनदा मीठ पडलं. हे गुमान खाऊन उठले.

२९ जानेवारी, गुरुवार

पास!!! तोच जाड आवाजाचा साहेब! ह्या वक्ताला उंची बराबर म्हणला आन् दिशा चुकवली. हिनं म्हणलं, चूक, परत सांगा. साहेबानं मुकाट बराबर सांगितलं. अपर्णाबी पास.

पेढे वाटले. नानीबाईनं दोन उचलले — एक पोरगी पास झाल्याचा, एक भगत लागला न्हाई त्याचा!

३० जानेवारी, शुक्रवार

सुकन्याचा फोन म्याच घेतला. दोघी परत येणार हायेत, शिवरात्रीच्या आदल्या दिशी. ह्यांला सांगितलं तर हे पारावर जाऊन बसले, "पोरी रविवारी येऊन राहिल्या, शिवरात्रीला!" जीपवाला तिथंच. समद्यांनी मान हलवली, व्हय व्हय. म्या पाणी घेऊन चालले व्हते. घागर खाली ठेवली.

"न्हाई. चूक. शनिवारी. परत सांगा."

ह्यांनी पटका सारखा केला.

"शनिवारी," म्हणले.

पोरी शनिवारी येणार.