मधल्या भिंतीतला पॉइंट

मु. येळीखेड, ता. जळकोट
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिल्पा हिला अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे इकडे बरे आहोत. तुझे आई-वडील बरे असतील. आरतीचा खोकला थांबला का? शाळा सुरू होऊन आठवडा झाला, तिच्या वर्गातल्या पोरी रोज दारात येऊन विचारतात. सोयाबीन घरात आलं. तुरीला फुलं बरी आहेत. भुजंगभाऊ जेवायला आमच्याकडेच असतात. पहिले चार दिवस ताठ होते, "माझं मी करून घेतो वैनी" म्हणायचे. मग पिठलं दोनदा करपवलं आणि गुमान पाटावर येऊन बसले.

भाऊबीजेला म्हणून लोह्याला गेलीस त्याला एकोणीस दिवस झाले. माझा फोन उचलतेस, "बरं हाय अक्का सगळं" म्हणतेस आणि आरतीच्या हातात देतेस. भुजंगभाऊंचा, नवऱ्याचा, तर उचलतच नाहीस. म्हणून हे पत्र. आमचे हे उद्या बैल बघायला तिकडंच निघालेत, त्यांच्याजवळ चिकटवून देते.

आधी चांगली बातमी सांगते. तुझं मीटर बरोबर होतं आणि तूही खरी होतीस. मागच्या गुरुवारी उदगीरहून वायरमन जलीलभाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही घरांचे बोर्ड उघडले आणि तासाभरात चूक हातात दिली. माझ्या स्वयंपाकघरात मधल्या भिंतीवर जो पॉइंट आहे, ज्यावर माझा फ्रिज चालतो, त्याची वायर तुमच्या मीटरवरून येते. चार वर्षांपूर्वी आपण वेगळे निघालो तेव्हा ती खोली आमच्या वाट्याला आली, वायर मात्र तुमच्याकडंच राहिली. जलीलभाई तेव्हा म्हणाले होते, ईद झाली की येऊन तोडतो. चार ईदा झाल्या. ते विसरले, आपणही विसरलो.

म्हणजे पंचायत समितीच्या वीज बचत स्पर्धेच्या सहा महिन्यांत माझा फ्रिज तुझ्या नावावर मोजला गेला. नाहीतर पहिली तूच आली असतीस, हे आता सगळ्या गावाला कळलंय. भुजंगभाऊ ओट्यावर डोकं धरून बसले. निकालाच्या दिवशी बचत गटातल्या बायांसमोर ते जे बोलले, "मीटर काय हवेनं फिरतंय का? माझ्या माघारी तूच कायतरी लावून बसतीस," ते आता त्यांना घशाखाली उतरेना. ह्यांनी समजूत काढली, "वायरीची चूक हाय, कुणाचा दोष न्हाई." जलीलभाई बिचारे म्हणाले, "न्हाई वैजनाथराव, चूक माझीच हाय. मी यायला पायजे होतं." ग्रामपंचायतीनं रस्त्यावरच्या दिव्यांचं काम त्यांना द्यायचं ठरवलं होतं, ते आता दुसऱ्याला देणार म्हणतात.

आणि माझ्याबद्दल काय म्हणतात ठाऊक आहे? पहिला नंबर जात असताना वैनीनं स्वतःहून वायरमन बोलावला, लई मोठ्या मनाची बाई. सिंधुकाकूंनी तर मला जवळ घेतलं.

पंचायत समितीच्या मॅडमना मी अर्जही दिला. पहिली येईल तीच ऊर्जा सखी असं ठरलं होतं, तर माझ्याऐवजी दुसऱ्या क्रमांकाच्या शिल्पाचं नाव घ्यावं, असा. त्या म्हणाल्या, चालेल. सोमवारपासून नांदेडला चार दिवसांचं प्रशिक्षण आहे, तुला जायचंय. पुढं वर्षभर तालुक्यातली गावं फिरायची, बायांना घरातली वीज कशी वाचवायची ते दाखवायचं, ग्रामसभेला ठराव मांडायला लावायचे. ते तुला जमतं. मागच्या ग्रामसभेत दुपारी बारापर्यंत जळणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल तू उभी राहिलीस तेव्हा सरपंच श्रीमंतरावांना पाणी प्यावं लागलं होतं. मी मागं बसले होते. बाया टाळ्या वाजवत होत्या, मी पदर नीट करत होते.

अर्जात कारण लिहिलं, प्रकृती ठीक नसल्यामुळे. माझी प्रकृती ठणठणीत आहे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला चूल पेटवता येत नव्हती. बी.ए. झालेली सून म्हणून सगळ्या गल्लीनं तुला बघून घेतलं आणि तुला भाकरी मात्र मी थापायला शिकवली. डाळीला दोन उकळ्या आल्या की पातेलं उतरवायचं, गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवायचं, दोन तासांनी आपोआप शिजलेली काढायची, हेही मीच. ती माझ्या आईची रीत. आमच्याकडं सरपण कमी, म्हणून आईनं काढलेली. तुम्ही सगळे हसला होतात पहिल्यांदा. भुजंगभाऊ म्हणाले होते, "वैनी, डाळीला थंडी वाजून राहिली का?"

मग एप्रिलमध्ये मॅडम व्हिडिओ काढायला मोबाईल घेऊन आल्या. आधी माझ्या दाराशी आल्या होत्या. मी म्हणाले, हात पिठाचे आहेत, पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात तू त्यांना आत नेलंस. गोधडी, पेटी, पातेलं, सगळं छान मांडलंस आणि त्यांच्याकडं बघून म्हणालीस, "ही आमच्या घरची पद्धत आहे." आमच्या घरची! तुझ्या तोंडात माझं नाव मावलं नाही, माझ्या आईचं तर दूरच. तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. माझ्या माहेरी जाऊन पोचला. माझी भावजय फोनवर म्हणाली, "तुमची धाकटी जाऊ लई हुशार हाय हो." मी फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही. ह्यांनी विचारलं तर मी म्हणाले, दाढ दुखते.

तेव्हापासून मी तुझ्यावर जळते, असं लिहिणार होते. ते खरं नाही. तू उंबऱ्यावरचं माप ओलांडलंस त्या दिवसापासून जळते. सासरे पेपर वाचायला तुला बोलवायचे. हे सुद्धा काही अडलं की म्हणतात, "शिल्पाला विचार ना." पंधरा वर्षं ऐकते आहे. गटाची अध्यक्ष मी असताना बाया कागद घेऊन तुझ्या दारात जायच्या. आता जाहीर झालेली ऊर्जा सखी मी, प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर, आणि काल महादेवप्पाची सून दारात येऊन विचारते, "अक्का, शिल्पावैनी कधी येणार? फ्रिज भिंतीपासून किती लांब ठेवायचा ते विचारायचं होतं." मला येतं की ते! वीतभर. मी म्हणाले, मला माहीत नाही.

हे सगळं लिहून झालं तरी मुद्द्याचं राहिलंच आहे. पत्र इथं संपवून आशीर्वाद लिहावेत असं फार वाटतंय.

ती वायर जलीलभाईंना गुरुवारी सापडली. मला एप्रिलमध्येच सापडली होती.

भुजंगभाऊंनी बोर्ड पुसायला तुमच्याकडचा मेन स्विच बंद केला आणि माझा फ्रिज गप्प झाला. माझे पंखे चालू, दिवे चालू, फक्त फ्रिज बंद. त्यांनी मेन चालू केला, फ्रिज सुरू झाला. मी बी.ए. नाही, पण एवढं मला कळतं. दोन दिवस मनात होतं की सांगावं. तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ आला.

मग मी नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ बरं. माझी घरघंटी पडवीत असायची, आठवतं? ती मी उचलून स्वयंपाकघरात आणली. ह्यांना सांगितलं, पडवीत पीठ उडतं. शेजारपाजारचं दळण कधी घ्यायची नाही, ते घ्यायला लागले. चंद्रप्पाच्या घरची ज्वारी, सिंधुकाकूंचे गहू, सगळं त्या पॉइंटवर. इस्त्रीसुद्धा तिथंच. माझं मीटर गोगलगाईसारखं चालू लागलं आणि मी दर महिन्याला ते बघून खूश व्हायची.

तू मात्र वेडी व्हायची वेळ आली. फ्रिज बंद करून माठ भरलास. इस्त्री बोचक्यात बांधून ठेवलीस. पाण्याचे डबे काळे रंगवून गच्चीवर तापवलेस. तरी आकडा वाढतोच. मे महिन्यातल्या एका दुपारी मी भिंतीला पाठ लावून बसले होते. तुझा आवाज आला, "आरती, पंखा बंद कर, युनिट वाढून राहिलेत, कुठं जातंय कळंना." पोर रडवेली झाली होती. "आई, अंगभर घामोळं उठलंय गं, दहाच मिनटं." तू पंखा बंद केलास. मग पुठ्ठ्यानं वारा घालायचा आवाज यायला लागला.

मी उठले, घरघंटीत ज्वारी ओतली आणि बटण दाबलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. त्या घरघंटीच्या आवाजात तुमच्याकडचं काही ऐकू येईना, म्हणून चालू केली असं मी स्वतःला सांगत होते. खोटं आहे. तू हरावीस म्हणून चालू केली.

आणि निकाल लागला तेव्हा तू माणशी नऊ युनिटनं मागं होतीस. नऊच! माझा फ्रिज, माझी घरघंटी, अर्ध्या गल्लीचं दळण डोक्यावर घेऊन नऊ. मला पहिला नंबर मिळाल्याचा आनंद झाला नाही, तुझ्या नऊचा राग आला.

लोह्याला निघताना तू माझ्याकडं बघितलं नाहीस. आरतीनं मात्र पिशवी खाली ठेवली, पाया पडली आणि म्हणाली, "मोठी आई, तू पहिली आलीस तेव्हा मी काय बोललेच न्हाई तुला. लई भारी झालं." तिच्या मानेवर घामोळ्याचे काळे डाग अजून होते. तिथून पुढं मला जेवण जाईना. जलीलभाईंना बोलावलं ते मोठं मन म्हणून नाही, अन्न गोड लागेना म्हणून.

माफी मी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव तसा आहे, आणि मग गावात पुन्हा तुझंच कौतुक.

रविवारी चार वाजता मारुतीच्या पारावर गटाची बैठक आहे. मॅडम येणार आहेत, भुजंगभाऊ आणि हे असतील, जलीलभाईंनाही निरोप धाडलाय. तू ये. आरतीला घेऊन ये. मी तिथं उभी राहून बोलेन म्हटलं तर माझी जीभ दाढेखाली जाईल, मला माझं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र तू वाच, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून. घरघंटीचं गाळू नकोस. त्या दुपारचं तर मुळीच गाळू नकोस, आणि मला वाचवायला मध्ये थांबू नकोस. मी पुढच्या रांगेत बसलेली असेन.

तू वाचशीलही चांगलं. माझ्यापेक्षा किती तरी चांगलं वाचशील, सगळे कान देऊन ऐकतील, आणि खरं सांगते शिल्पा, तेवढंसुद्धा मला आत्ता इथं बसून सहन होत नाही.

तुझी जाऊ,
सौ. मंजुश्री वैजनाथ
(हे नावही मोठ्यानं वाचायचं.)