यादीतली सत्ताविसावी

९ जून, शनिवार

शेवटी हो म्हणून बसले! रोझवीटाचा फोन गोठ्यातच आला — ती आमच्या पक्षाची जिल्हाध्यक्ष. माझा एक हात गाईच्या पोटात, दुसऱ्यात फोन. विधानसभेसाठीची पक्षाची यादी अडकलीय. मतं पडतील त्या प्रमाणात यादीतली वरची तेवढी नावं निवडून येतात. आमच्याकडे नियम — एक बाई, एक पुरुष, पुन्हा बाई. पुरुष रांग लावून उभे, पण सत्ताविसाव्या जागेला बाईच मिळेना! "हायडरून, नुसतं नाव दे गं. सत्ताविसाव्यापर्यंत आपण या जन्मात पोचत नाही. आत्ता आपले आमदार तेरा आहेत, तेरा!"

लोथारला सांगितलं तर नवरोबा चष्म्यावरून बघत राहिले. "आणि फेब्रुवारी?" फेब्रुवारीत आम्ही नॉर्वेला निघतोय, वर्षभरासाठी. आयुष्यभर लोकांच्या छपरांवर कौलं बसवून त्याचे गुडघे गेले, आता नव्या वर्षात निवृत्ती. वीस वर्षं तो नॉर्वे नॉर्वे करतोय आणि वीस वर्षं माझ्या गाई आड येतायत. या वर्षी मात्र माझा जनावरांचा दवाखाना तरुण डॉक्टर स्वेनच्या हवाली करायचं ठरलंय, राहायची गाडीही अंगणात येऊन उभी आहे.

"अरे, नुसतं नाव," मी म्हटलं.

१५ सप्टेंबर

घसा बसलाय, पाय दुखतायत आणि झोप येत नाहीये — इतकी मजा आली! आज लाउटरबाखच्या बाजारात पक्षाचं टेबल लावलं होतं. लोक उमेदवारांचं विचारतच नव्हते, सगळ्यांना त्या पंधरा प्रश्नांनी घेरलंय. मतदानाच्या दिवशी दुसरी एक कागदाची चादर हातात पडणार — राज्यघटनेत पंधरा बदल, मान्य की अमान्य? त्यात एक फाशीचा! देशात फाशी कधीच बंद झाली, पण आमच्या प्रांताच्या घटनेत ते वाक्य अजून तसंच बसून आहे.

कोनराड बीर्क आला, तोच तो वरच्या वाडीचा. म्हातारा टेबलावर कोपर टेकून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, मला फाशी नकोय. म्हणजे 'नाही'वर फुली, बरोबर?"

"नाही हो, 'हो'वर!"

"फाशीला हो?"

"फाशी काढून टाकायला हो."

"मग सरळ तसं विचारा की! कोण लिहितं हे?" मग मागच्या बाईनं त्यालाच समजावलं, त्यानं तिला पुन्हा उलटं समजावलं, आणि बघता बघता दहा-बारा माणसं टेबलाभोवती भांडायला लागली. फाशीवर! बाजारात! कांदे हातात घेऊन! मी मधे उभी राहून हातवारे करत होते आणि मला दुसरीकडे कुठंही असायला नको होतं.

लोथार म्हणाला, "ते कलम मेलेलंच आहे गं."

"मग पुरायला काय हरकत आहे?" मी म्हटलं.

१८ सप्टेंबर

स्वेनला किल्ल्या दिल्या. वाईट वाटेल वाटलं होतं. नाही वाटलं. संध्याकाळी रोझवीटाबरोबर पत्रकं वाटायला गेले.

६ ऑक्टोबर

आज भाषण केलं. मी!! आमच्या मतदारसंघाचा खरा उमेदवार तापानं फणफणलेला, आणि बंबखान्याचा हॉल भरलेला. रोझवीटानं मला अक्षरशः ढकललं. चार वाक्यं झाली असतील, मागून कुणीतरी ओरडलं, "गाईंच्या डॉक्टरला विधानसभेत काय काम?"

"तिथंही रवंथच चालतं म्हणतात," मी म्हटलं, "बघून येते!"

हॉल हसून हसून लोळला. मग जे बोलले ते माझं मलाच आठवत नाही. बंद झालेली बस, दोन गावं सोडून होता तो डॉक्टरचा दवाखानाही बंद, आणि आपल्याला कुणी विचारत असेल तेव्हा तरी घरी बसू नका, असं काहीबाही. शेवटी लोक उभे राहिले. साठाव्या वर्षी कळतंय की मला हे येतं! कुणी आधी का नाही सांगितलं?

येताना गाडी लोथारनं चालवली. घर आल्यावर म्हणाला, "तुला आवडलं ना ते?"

"छे, कसलं आवडतंय," मी म्हटलं. का खोटं बोलले कोण जाणे.

२१ ऑक्टोबर

लोथारनं भिंतीवर नकाशा लावलाय. बोट फिरवत बेटांची नावं वाचून दाखवतो. मी हं हं करते.

२८ ऑक्टोबर, रविवार

मतदान! रात्री घड्याळं तासभर मागे करायची असतात, ते बीर्क विसरला आणि सातलाच शाळेच्या दारात. आठपर्यंत थंडीत उभा राहून येईल त्याला 'हो'वर फुली मारायला बजावत होता. मतदान केंद्राच्या दारात प्रचार चालत नाही, शेवटी त्याला कोपऱ्यापर्यंत हाकलावं लागलं.

उमेदवाराला मोजणीच्या टेबलावर बसता येत नाही, पण उभं राहून बघायला कुणालाही मुभा. सहाला पेटी उलटली. चादरी उलगडायला हा एवढा उशीर! काहींनी वरच्या एका चौकटीत सगळ्यांनाच हो म्हणून टाकलेलं, तर कुणी एकेका प्रश्नावर विचार करून फुल्या मारलेल्या. फाशीचा प्रश्न आला तेव्हा मी टेबलाजवळ सरकले. 'हो'चा ढीग वाढतच गेला. आमचं गाव! ज्यांना मी चिडकी, आपमतलबी म्हणत आले ती माणसं! डोळे भरून आले, अगदी उघड उघड. शेजारी लोथार केक खात उभा होता, त्यानं रुमाल पुढे केला.

२९ ऑक्टोबर

पहाटे रोझवीटा फोनवर किंचाळत होती. आमच्या पक्षाला छप्पर फाडून मतं पडलीत. वर भरपाईच्या जागा — मोठ्या पक्षानं मतांच्या वाट्यापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले की इतरांना समतोलासाठी जादा खुर्च्या मिळतात. सभागृह दूध उतू जावं तसं फुगलंय. "सत्तावीस, हायडरून! सत्तावीस! शेवटची खुर्ची तुझी!"

स्वयंपाकघरात मी एकटीच नाचले. मग मागे बघितलं. लोथार दारात उभा होता.

३० ऑक्टोबर

यादीतल्या माणसाला नाही म्हणता येतं. नाही म्हटलं की खुर्ची अठ्ठाविसाव्याला. रोझवीटा म्हणाली, "घाई नाही, विचार कर." विचार कसला करायचा? बाजारातलं टेबल डोळ्यांसमोरून हलत नाही.

२ नोव्हेंबर

जेवताना लोथारनं विचारलं, "मग?"

"मी विधानसभेत, वीसबाडेनला जाणार," मी म्हटलं. "पाच वर्षं. मला हवंय ते."

त्यानं बटाटा सोलून संपवला. "वीस वर्षं गाई," तो म्हणाला, "आता माणसं." चिडलाही नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. नंतर बाहेर जाऊन त्या राहायच्या गाडीवर ताडपत्री बांधत होता.

मला अपराधी वाटतंय. आणि मला आनंद झालाय. दोन्ही एकदम, आणि आनंद जास्त!

९ नोव्हेंबर

नव्या सदस्यांची पक्षाची बैठक. सभागृहात जाऊन बसून पाहिलं, शेवटच्या रांगेत. शेतीच्या समितीत मला घ्या म्हणून मी आधीच हात वर केला. सगळे हसले, पण नाव लिहून घेतलं. आल्यावर लोथारला सगळं सांगत सुटले. तो ऐकत होता.

१७ नोव्हेंबर

अंतिम निकाल लागला. घटनेतले पंधराही बदल मंजूर. पण मतं पुन्हा तपासल्यावर सभागृह थोडं आटलं, आमची एक खुर्ची गेली. माझी.

लोथारला सांगितलं. त्यानं आधी मला जवळ घेतलं, बराच वेळ. मग त्याचा चेहरा असा उजळला! "चल तर मग — फेब्रुवारीत निघू!"

मला पुन्हा बाजारातलं ते टेबल दिसलं. मी म्हटलं, तू जा.